शेरा लिहिण्याआधी आम्हालाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला. त्या दिवशी आमच्याकडे दीपप्रज्वलन होते, आम्ही शपथ म्हणतो, विश्वस्त चार शब्द बोलतात आणि प्रत्येक सिस्टरला गुलाबाचे फूल मिळते. हे सगळे मनापासून केले जाते आणि आम्हालाही ते आवडते. पण याच तारखेला घडलेली आणखी एक गोष्ट परिचारिकांना ठाऊक असायला हवी असे मला फार वाटते. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘खूप चांगला’ असा शेरा लागायचा. त्यांच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात नुसते ‘चांगला’ लिहिले होते आणि तेही त्यांना कोणी कळवले नव्हते. त्या एका शब्दापायी बढती हुकली. न्यायालयाने सांगितले की केवळ प्रतिकूलच नव्हे, तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडायची संधी त्याला मिळाली पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांना संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याच्या सूचना दिल्या. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हाच निर्णय योग्य ठरवला.

हा निकाल सरकारी सेवेपुरता आहे. मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डची परिसेविका, म्हणजे इनचार्ज सिस्टर आहे, आणि आमच्यासारख्या रुग्णालयांना तो बांधील नाही. दर मार्चमध्ये माझ्या वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदरचे अप्रेझलचे, म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म मी भरते आणि माझा फॉर्म मेट्रन मॅडम भरतात. म्हणजे शेरा लिहिणे आणि शेरा झेलणे, दोन्ही माझ्या वाट्याला आहे. या अनुभवावरून मला ठामपणे सांगायचे आहे की शेरा कळवला म्हणजे काम संपले असे नाही. फॉर्ममध्ये काय विचारायचे, तो कोणी भरायचा, कधी भरायचा, हे ठरवताना ज्यांचे मूल्यमापन होणार त्यांनाच आधी विचारले पाहिजे. आमच्याकडे गेल्या काही काळात ते थोडेफार घडले. त्यातून काय हाती आले ते इतर रुग्णालयांतल्या लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आमचा जुना फॉर्म इंग्रजीत होता. शिस्त, वक्तशीरपणा, गणवेश, वरिष्ठांशी वागणूक, कामाची आवड, रेकॉर्ड, अशा रकान्यांत एक ते पाच गुण द्यायचे आणि खाली एक ओळ शेरा लिहायचा. रात्रीच्या ड्युटीत माझ्या वॉर्डात वीस-बावीस पेशंट असतात आणि सिस्टर बहुधा एकच. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका, शिकाऊ रुग्णालयात तीनमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा असे आहे. अशा रात्री एखाद्या पेशंटला अचानक दम लागतो, ऑक्सिजन, नेब्युलायझर, डॉक्टरांना फोन, नातेवाइकांची घाबरगुंडी, आणि तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा सलाईन उपटून उठून उभे राहतात. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना पेशंट सगळे सुखरूप असतात, पण इनटेक-आउटपुट चार्टचे (पेशंटच्या शरीरात किती पाणी गेले, किती बाहेर पडले याच्या नोंदीचे) दोन रकाने रिकामे राहिलेले असतात. वर्षअखेर त्या सिस्टरच्या फॉर्मवर येते: ‘रेकॉर्ड अपुरे’. शेरा खोटा नाही. पण त्या रात्री ती एकटी होती, हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

आणि जे उत्तम असते त्यालाही जागा नव्हती. अर्धांगवायूच्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवून महिनाभर पाठीला जखम होऊ न देणारी सिस्टर, आकडे बिघडायच्या आधी नुसता चेहरा पाहून ‘डॉक्टर, हे पेशंट बरे दिसत नाहीत’ म्हणणारी सिस्टर, सांगोल्याहून आलेल्या म्हाताऱ्या आईला इन्सुलिनची सुई कशी धरायची ते चार वेळा न कंटाळता शिकवणारा ब्रदर, नव्या मुलीच्या हाताला हात लावून तिला सुईसाठी शीर सापडवून देणारी सिनियर. यांतले काय ‘गणवेश’मध्ये बसते आणि काय ‘वरिष्ठांशी वागणूक’मध्ये?

नॅब (एनएबीएच) म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासून मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ. त्याच्या मानांकनाची तयारी सुरू झाली तेव्हा हा विषय निघाला. मूल्यमापन आधी ठरवलेल्या निकषांवर व्हावे, ते निकष कर्मचाऱ्याला रुजू होतानाच सांगावेत आणि मूल्यमापनाचा उपयोग त्याच्या पुढच्या वाढीसाठी व्हावा, अशी नॅबची अपेक्षा आहे. मग एच. आर. विभागाने आमचे मत मागवायचे ठरवले. पहिल्यांदा मोबाइलवर लिंक आली. उघडल्यावर पहिला प्रश्न: एम्प्लॉयी नंबर. साहजिकच सगळ्यांनी ‘अतिशय समाधानी’वर टिचकी मारली आणि व्यवस्थापनाला वाटले की सारे उत्तम चालले आहे. दुसऱ्यांदा सूचनापेटी लावली, ती मेट्रन ऑफिसच्या दारात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली. ती रिकामीच राहिली.

यानंतर प्रशासनाने जे केले त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. त्यांनी आम्हाला विचारले, की तुम्हाला कसे विचारले तर तुम्ही खरे सांगाल? सिस्टरनीच उपाय सुचवले. कागद छापील हवा, नुसत्या खुणा करायच्या. अक्षर ओळखू येण्याची भीती नको. वॉर्डचे नाव विचारायचे नाही, कारण ‘डायलिसिस, पुरुष, नाइट’ एवढे लिहिले की माणूस कोण ते कोणीही सांगेल. नर्सिंग, तंत्रज्ञ, साहाय्यक कर्मचारी असे मोठे गट धरायचे आणि दहापेक्षा कमी कागद आलेल्या गटाचा निकाल वेगळा काढायचा नाही. पेटी चेंजिंग रूममध्ये ठेवायची. ती उघडायची वैद्यकीय समाजसेविका मॅडम आणि लॅबमधल्या एका तंत्रज्ञाने, म्हणजे ज्यांच्या हाती कोणाचीच पगारवाढ नाही अशांनी.

मावश्या आणि मामांसाठी, म्हणजे वॉर्डातल्या साहाय्यक कर्मचाऱ्यांसाठी, कागदही उपयोगाचा नव्हता. सोलापूरच्या आमच्या मावश्यांपैकी कितीतरी जणी घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आणि मराठी बोलता आले तरी वाचताना अडखळतात. आजवर इंग्रजी फॉर्मवर त्या दाखवलेल्या जागी सही किंवा अंगठा करत आल्या होत्या. समाजसेविका मॅडम त्यांच्याबरोबर दुपारच्या जेवणानंतर बसल्या. एकही इनचार्ज तिथे नव्हती. सर्वांत जास्त बोलल्या त्या मावश्याच. त्यांचे मूल्यमापन कंत्राटदाराचा सुपरवायझर करतो आणि तो फक्त हजेरी घ्यायला येतो, असे त्यांनी सांगितले. पेशंटची घाण काढताना नाक न मुरडणारी कोण आणि टाळाटाळ करणारी कोण हे सिस्टरना माहीत असते, पण सिस्टरना कोणी विचारत नाही. एक मावशी म्हणाली, ‘काम चुकलं की सांगतात, चांगलं झालं की कोणीच काही सांगत नाही.’ इनचार्जच्या बैठकीत मॅडमनी हे वाक्य वाचून दाखवले.

कागदांमधून जे बाहेर आले त्यात कमी गुणांची तक्रार आम्हाला वाटली होती त्याहून फार कमी होती. सर्वांत जास्त खुणा ज्या वाक्यापुढे होत्या ते असे: ‘माझा फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीने मला काम करताना पुरेसे पाहिलेले नाही.’ कारण अगदी साधे आहे. आमच्याकडे वॉर्ड बदलत राहतात. एखादी सिस्टर आठ-नऊ महिने आयसीयूत घाम गाळते, फेब्रुवारीत तिची बदली ओपीडीत होते आणि मार्चमध्ये ओपीडीची इनचार्ज तिचा वर्षाचा शेरा लिहिते. त्या इनचार्जचाही यात दोष नाही; तिने जेवढे पाहिले तेवढेच ती लिहिणार. त्याच्या खालोखाल दुसरी गोष्ट होती, की अप्रेझलचे बोलणे नर्सिंग स्टेशनवर उभ्या उभ्या होते. पेशंटचे नातेवाईक कानावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी तेच नातेवाईक त्या सिस्टरला विचारतात, ‘तुमच्याऐवजी दुसरी कोणी नाही का?’

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिते. चूक झाली किंवा होता होता टळली, तर इन्सिडंट फॉर्म भरायचा असतो. एका वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडचे आणि डिस्टिल्ड वॉटरचे ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी होते. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून थेट दिले तर हृदय बंद पडू शकते. सेवेत नवीन असलेल्या एका सिस्टरच्या हातात चुकीचा ॲम्प्यूल आला, फोडण्याआधी तिने लेबल वाचले आणि बाजूला ठेवला. तिने स्वतः जाऊन सांगितले, फॉर्म भरला. तिच्यामुळे ते ॲम्प्यूल वॉर्डातल्या ट्रेमधून निघून कुलपाच्या कपाटात लाल पट्टी लावून गेले. आणि त्या वर्षीच्या तिच्या अप्रेझलवर शेरा आला: ‘औषध देताना अधिक काळजी घेणे आवश्यक.’ पुढे कितीतरी महिने त्या वॉर्डातून एकही इन्सिडंट फॉर्म आला नाही. चुका थांबल्या असतील का, असे कोणत्याही सिस्टरला विचारा, ती हो म्हणणार नाही.

अमेरिकेत हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या दोन रुग्णालयांत परिचारिकांच्या आठ गटांचा औषधांच्या चुकांबाबत अभ्यास केला होता. जिथे इनचार्ज चांगली आणि गट एकदिलाने काम करणारा, तिथे चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. शोध घेतल्यावर दिसले की तिथे माणसे न घाबरता चुका सांगत होती आणि इतर ठिकाणी लपवत होती. ज्या रुग्णालयात अप्रेझलची भीती इन्सिडंट फॉर्मपर्यंत पोहोचते, तिथे त्या भीतीची किंमत पेशंट मोजतो. माझ्या लेखी या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. आमच्या पगारवाढीचा प्रश्न त्यानंतरचा.

आता आमच्याकडे काय बदलले ते सांगते. इन्सिडंट फॉर्म आणि अप्रेझल पूर्णपणे वेगळे केले. स्वतःहून सांगितलेल्या चुकीचा उल्लेख अप्रेझलमध्ये करायचा नाही, हे लेखी परिपत्रक निघाले. वर्षभरात ज्या ज्या वॉर्डात सिस्टरने काम केले, त्या प्रत्येक इनचार्जने बदलीच्या वेळीच आपला भाग भरून द्यायचा. फॉर्म मराठीत आला आणि पहिले पान सिस्टरने स्वतः भरायचे असे ठरले: या वर्षी मी काय चांगले केले, मला कुठे अडले, मला काय शिकायचे आहे. त्याच पानावर वॉर्डची साधारण पेशंटसंख्या आणि रात्री किती जणी असतात हे कार्यालयाने आधीच भरून द्यायचे. बोलणे बंद दाराच्या खोलीत, दोघींनीही बसून. मावश्यांचा फॉर्म वाचून दाखवायचा आणि त्यावर वॉर्डच्या सिस्टरचे मत घ्यायचे.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. चेंजिंग रूमच्या बाहेरच्या फलकावर एक कागद लागला. लोकांनी काय सुचवले, त्यातले काय केले, आणि जे केले नाही ते का नाही. रात्री दुसरी सिस्टर द्यावी या मागणीसमोर लिहिले होते: ‘या वर्षी पदे भरणे शक्य नाही, आयसीयूशेजारच्या वॉर्डांत फिरती सिस्टर देऊ.’ नकार होता, पण तोंडावर, कारणासहित. पुढच्या वेळी पेटीत जास्त कागद पडले, ते मला वाटते या फलकामुळेच.

आमच्या इनचार्ज मंडळींत सुरुवातीला एक धास्ती होती. मुलींना विचारले तर त्या शिस्तीच्या बाईवर सूड उगवतील. मीही शिस्तीची म्हणूनच ओळखली जाते. प्रत्यक्षात शिस्तीबद्दल फारशी तक्रार आलीच नाही. इनचार्जबद्दल आलेली सर्वांत मोठी तक्रार होती की ड्युटी लिस्ट शनिवारी रात्री लागते, त्यामुळे बार्शीला, अक्कलकोटला घरी जायचे तर एसटीचे, मुलांचे, सासूबाईंच्या दवाखान्याचे काहीच ठरवता येत नाही. आता लिस्ट गुरुवारी लागते. एक पैसाही खर्च झाला नाही.

माझ्याबरोबर काम केलेली एक सिस्टर आता इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत आहे. तिच्याशी फोनवर बोलताना कळले की तिथे परिचारिकेला दर तीन वर्षांनी नोंदणी नव्याने सिद्ध करावी लागते. २०१६ पासून हा नियम आहे. त्यासाठी आपल्या कामाबद्दल पाच जणांचे अभिप्राय तिने स्वतः गोळा करायचे, त्यात पेशंट आले, सहकारी आले, आणि पाच अनुभवांवर आपण काय शिकलो ते लिहायचे. याशिवाय तिथे २००३ पासून दरवर्षी सर्व कर्मचाऱ्यांची पाहणी होते. त्यात अप्रेझलबद्दलही विचारतात: त्याचा तुम्हाला काम सुधारायला उपयोग झाला का, उद्दिष्टे स्पष्ट ठरली का, आपल्या कामाची किंमत आहे असे वाटले का. आणि प्रत्येक संस्थेची उत्तरे जाहीर होतात, कोणीही पाहू शकते. तिथेही सगळे सुखाचे आहे असे ती म्हणत नाही. तिथेही नर्सेस कमी आणि दमलेल्या आहेत. पण अप्रेझल कसे झाले हे ज्याचे झाले त्याला विचारायचे, ही गोष्ट तिथे गृहीत आहे.

याचा पेशंटशी संबंध आहे का? मायकेल वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ६१ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात, जिथे अप्रेझल जास्त कर्मचाऱ्यांपर्यंत आणि नीट विचारपूर्वक पोहोचत होते तिथे पेशंटचा मृत्युदर कमी आढळला. एकामुळेच दुसरे घडते असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तरी अप्रेझलला ‘मार्चमधली कागदपत्रे’ समजणाऱ्या विश्वस्तांनी हे वाचावे.

आमच्याकडे न झालेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पगारवाढ अजून जुन्याच पद्धतीने ठरते: आधी टक्का ठरतो, मग त्यात गुण बसवले जातात. सिस्टरने पहिले पान कितीही मनापासून लिहिले तरी शेवटच्या पानावर त्याचा परिणाम दिसत नाही, असे या वर्षी अनेकींनी कागदावर नोंदवले आहे, आणि ते खरे आहे. दुसरे म्हणजे डॉक्टर या सगळ्याच्या बाहेर आहेत. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला पाच वर्षांच्या फेरीत निदान एकदा सहकाऱ्यांचे आणि पेशंटचे अभिप्राय घ्यावे लागतात, आणि सहकारी म्हणजे परिचारिकाही. रात्री तीन वाजता फोन केल्यावर कोणते डॉक्टर नीट ऐकून घेतात आणि कोणते ‘एवढ्यासाठी उठवलंत?’ म्हणतात, हे आमच्याइतके कोणालाच माहीत नसते. दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांना नवी सिस्टर पुढच्या वेळी फोन करताना बिचकते आणि तेवढ्यात पेशंटचा तास निघून जातो. हे विचारायची सोय आपल्या रुग्णालयांत व्हायला हवी, आणि डॉक्टरांनीच ती मागावी असे मला वाटते.

नॅबचे परीक्षक येतात तेव्हा फायली पाहतात, कर्मचाऱ्यांशीही बोलतात. त्यांना माझी विनंती आहे की रात्रपाळीच्या एका सिस्टरला आणि एका मावशीला एवढेच विचारा: तुमचा शेवटचा शेरा काय होता, आणि तो कसा लिहिला जावा हे तुम्हाला कोणी कधी विचारले होते का? ट्रस्टच्या रुग्णालयांच्या विश्वस्तांना विनंती आहे की येत्या मार्चचे फॉर्म छापायला टाकण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, निनावी मत घ्या आणि त्याचे उत्तर फलकावर लावा. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अधिसेविकांनाही हे करता येईल. शेरा दाखवण्याचा नियम त्यांच्याकडे आहेच, विचारण्याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आणि आपल्या दैनिकालाही एक विनंती. राज्यभरातल्या परिचारिका, तंत्रज्ञ, मावश्या आणि मामा यांच्याकडून त्यांच्या मूल्यमापनाबद्दल पत्रे मागवावीत, नाव आणि रुग्णालय न छापण्याची हमी द्यावी, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या वार्ताहरांनी ती ऐकून लिहून घ्यावीत.

आपली,
एक परिसेविका, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)